बाप जित्ता असताना

नानासो पंधराव्या वर्षी मामाच्या मागोमाग तामिळनाडूत सेलमला गेला आणि पन्नाशी लागायच्या आत छाती खराब करून परत आला. मधल्या वर्षांत त्याने चांदी गाळली, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. येरळा नदीकाठच्या त्याच्या गावातून घरटी एखादा तरी माणूस गलाईला बाहेर पडतो. कोणी केरळात, कोणी बंगालात, कोणी थेट आसामात. सराफांकडची जुन्या दागिन्यांची मोड घ्यायची, मुशीत वितळवायची, तेजाबात, म्हणजे आम्लात, शुद्ध करायची आणि परत द्यायची, असा हा धंदा. तेजाबातून तांबूस धूर निघतो. सुरुवातीला तो डोळ्यांना झोंबतो. पुढे झोंबेनासा होतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला सवय झाली.

दुकानाच्या वरच्याच खोलीत त्याचा संसार होता. बायको राणी त्याचं आणि कामावरच्या पोरांचं जेवण करायची. शंभूराज तिथेच झाला. दोन वर्षांचा होईतो त्याला असा खोकला लागला की तिथला डॉक्टर म्हणाला, पोराला इथून हलवा. गावाकडे थोरला भाऊ बाळासो आणि त्याची बायको बनुबाई होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. नानासोने पोराला आणून बनुबाईच्या मांडीवर ठेवलं आणि नवराबायको परत गेली. पोरगं जरा मोठं झालं की न्यायचं, असं ठरलं होतं. पुढे तो विषय कोणी काढला नाही. खोकला थांबला होता, पोरगं बाळसं धरत होतं, आणि सेलमच्या खोलीत तिसऱ्या माणसाला जागाही नव्हती.

वर्षातून दोनदा, यात्रेला आणि दिवाळीला, नानासो यायचा. पोराला कपडे, चपला, सेल घातलेली मोटार आणायचा. पण पोराला उचलून घ्यायचा नाही. त्या घराची रीतच तशी होती. थोरल्यासमोर आपलं पोर मांडीवर घेणं म्हणजे निर्लज्जपणा. भावाचं पोर घ्यावं, खुशाल खांद्यावर नाचवावं. आपलं घेऊ नये. बाळासोला ही अडचण नव्हती. एकदा शंभू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरून पडला आणि ओठ फुटला. नानासो हाताच्या अंतरावर बसला होता. तो अर्धा उठला, समोरच्या कट्ट्यावरच्या भावाकडे त्याची नजर गेली आणि तो परत बसला. बाळासो अंगण ओलांडून धावत आला आणि त्याने पोराला उचललं. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. राणीलासुद्धा नाही.

पोरगा शिकला, डिप्लोमा झाला, शिरवळला एका कंपनीत लागला. दर शनिवारी गावी यायचा. बाळासोला तो आबा म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. नानासोला नाना म्हणायचा आणि अहोजाहो. दर वाढदिवसाला सेलमला फोन करून पाया पडतो म्हणायचा, कारण आबाने शेजारी उभं राहून तसं शिकवलेलं होतं. "तुझ्यापायी त्यानं छाती जाळली हाय," बाळासो सांगायचा. "नाना म्हनंल ती पूर्व. त्येचा शबूद खाली पडू द्यायचा न्हाई." थोरल्याने भावाचं पोर सांभाळलं, पण ते त्याने आपलं करून घेतलं असं त्याच्याविषयी कोणी म्हणू शकत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी नानासोला भट्टीपुढे जायला मनाई केली आणि तो कायमचा घरी आला. आता आपण बाप व्हायचं, असं त्याच्या मनात होतं. शनिवारी पोरगा आला की तो गाडीची हवा बघायचा, पगाराचं विचारायचा, रात्रीचं जागू नको म्हणायचा. शंभू "व्हय नाना" म्हणायचा आणि उठून जायचा. एकदा चहा पिता पिता नानासोने विषय काढला.

"नोकरी सोड की ती. दुकान तुझ्या नावावर करतो. आता समदं गॅसवर झालंय, पंखं हायती, आपल्यावानी धूर न्हाई ऱ्हायला."

शंभूने कप खाली ठेवला. "आबाला इचारून सांगतो."

"आरं बाप इचारतोय आन् मला काय इचारतूस?" बाळासो दारातून हसत म्हणाला. "शेठ हायती ते सेलमचं. मी हितं म्हशीचं शेण काढनारा मानूस."

सगळे हसले. नानासोही हसला. दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मागल्या हिवाळ्यात बाळासो उसाला पाणी पाजायला गेला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी पडला. विट्याला नेईपर्यंत गेला होता. शिरवळहून शंभू पोचेतो मयत ठेवायचं ठरलं. भावकीतला वडीलधारा माणूस म्हणजे गुंडा तात्या. त्यांनी सांगितलं, मूलबाळ नाही, तर अग्नी धाकट्या भावाने द्यायचा. नानासोने अंघोळ केली, ओलं धोतर गुंडाळलं आणि विस्तवाचं मडकं घेऊन दारात उभा राहिला. बोचऱ्या वाऱ्याने त्याला खोकला येत होता.

शंभू आला तो गाडी लावून सरळ आत गेला. बनुबाईच्या पायाशी बसला. मग उठला, अंगातला शर्ट काढला, आडावर जाऊन डोक्यावर दोन बादल्या ओतल्या आणि तसाच निथळत नानासोपुढे येऊन उभा राहिला.

"नाना, मडकं द्या. मी देतो अग्नी."

गुंडा तात्या म्हणाले, "देऊ दे की, नानासो. पुतन्या म्हंजी पोरगाच. तुझी छाती बी बरी न्हाई."

नानासोने मडकं दिलं. तेवढ्यात राणीने त्याच्या कोपराला धरून त्याला भिंतीकडे ओढलं. तिचा आवाज अगदी बारीक होता. "अग्नी देऊ द्या. पर त्यो डोकं कराय बसला तर न्हाई म्हना. कुनी कायबी म्हनू द्या. तुमी जित्तं हाय. माझं कुंकू हाय अजून."

त्या गावात बाप हयात असताना मुलगा केस-मिशी उतरवत नाही. एखाद्या तरण्या माणसाची मिशी गेलेली दिसली की वाटेवरचा अनोळखी माणूससुद्धा ओळखतो, याचा बाप गेला. पुतण्याने चुलत्याला अग्नी दिला तरी डोकं करायचं नसतं; ज्याचा बाप आधीच गेलेला असेल त्याची गोष्ट वेगळी.

येरळेच्या पात्रात तिरडी टेकली. सरण रचणं चाललं होतं. गावचा न्हावी सिद्धू पिशवी घेऊन एका दगडावर बसला होता. शंभू जाऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याने मान खाली घातली.

सिद्धूने पिशवी उघडली नाही. "शंभूराज, मला पापात घालू नगंस. नाना हितं हुबं हायती."

"काढ म्हंतो नव्हं."

"एक बट काढतो कानामागची. तात्या, चालतंय न्हवं तेवढं? मिशीला हात लावत न्हाई."

"चालतंय की," तात्या म्हणाले. "ऐक गड्या. शास्तर बी ऱ्हातंय, तुझं समाधान बी हुतंय."

शंभूने मान वर केली. "सिद्धूदा, आबाचं डोकं तूच करायचास न्हवं? माझं जावळ बी तूच काढलंस, त्येच्या मांडीवर. मग आता काढ. माझा बाप हितं पडलाय."

लाकडं रचणारे हात थांबले. सगळ्यांनी आधी नदीकडे बघितलं आणि मग नानासोकडे. नानासोला कळलं की आता आपण बोलेपर्यंत कोणी हलणार नाही. पोराच्या बाबतीत सारा गाव त्याच्या तोंडाकडे बघतोय, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. 'काढ' म्हटलं की पोरगा आपला राहील, असं त्याला वाटून गेलं. मग वाटलं, आज 'काढ' म्हटलं तर बाप कोण हे आपणच पंचांसमोर सांगितल्यासारखं होईल. त्याला राणीचा बारीक आवाज आठवला. आणि राग आला. मेलेल्या भावाचा, ज्याच्याविषयी बोट ठेवायला जागा नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला. "मी जित्ता हाय. ऊठ तितनं."

शंभू उठला. त्याने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. विस्तवाचं मडकं त्याने दोन्ही हातांनी उचलून आणून नानासोच्या हातात दिलं.

"मग तुमीच द्या, नाना," तो म्हणाला. "तुमचा शबूद मोडायचा न्हाई, असं आबानं सांगितलंय."

अग्नी नानासोने दिला. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन दुसऱ्या फेरीतच त्याचा दम तुटला आणि धुराने तो वाकला. तिसऱ्या फेरीला सिद्धूने त्याला बगलेत धरून फिरवलं. शंभू हात जोडून, सरणाच्या पायथ्याशी, होता तिथेच उभा होता.

तेराव्यापर्यंत तो घरात राहिला. पाहुण्यांना पाणी दिलं, आचाऱ्याला सामान आणून दिलं, नानासोच्या गोळ्या वेळेवर हातात ठेवल्या. नानासोला वाटलं, मिटलं असावं. चौदाव्या दिवशी दारात गाडी आली आणि बनुबाईची ट्रंक बाहेर आली.

"काकीला न्हेतो," शंभू म्हणाला. "हितं एकटी कशी ऱ्हानार ती."

"एकटी?" राणी म्हणाली. "आरं आमी हाय की हितं."

"तुमी हायसा की," शंभू म्हणाला आणि दोघांच्या पाया पडला.

त्यानंतर शनिवार रिकामे गेले. राणी फोन करायची, तो उचलायचा, "व्हय आई, येतो" म्हणायचा. महिनाभराने शिरवळहून बनुबाईचा व्हिडिओ फोन आला. तिला कॅमेरा धड धरता येत नव्हता. कधी तिची हनुवटी दिसे, कधी छताचा पंखा. खोली चांगली आहे, खाली किराणा दुकान आहे, पाणी चोवीस तास येतं, असं ती सांगत होती. मग फोन कलंडला आणि मागे जेवायला बसलेला शंभू दिसला. डोक्यावर नखाएवढी खुंटं उगवली होती. वरचा ओठ त्याने कोराच ठेवला होता.

राणीने फोन छातीशी धरला. पण नानासो तिच्या खांद्यामागेच बसला होता.

"कवा केलं?" त्याने विचारलं.

बनुबाईला वाटलं, तिलाच विचारलं. "भाऊजी, हितं आल्या आल्याच," फोनमधून तिचा आवाज आला. "म्या लय सांगितलं. म्हनला, नानांनी गावात नगं म्हनून सांगितलं हुतं, हितं न्हाई."

राणी उठून आत गेली. नानासोने फोन हातात घेतला. पडद्यावर परत पंखा फिरत होता.

"त्येला द्या," तो म्हणाला.

पलीकडे काही बोलणं झालं. ते नीट ऐकू आलं नाही. मग बनुबाई म्हणाली, "जेवतोय. नंतर लावतो म्हंतोय."

नानासोने बरं म्हटलं आणि फोन समोर धरून बसला.