सोलापूरच्या भुताला भेटायला

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर डबा होता आणि पायांशी पोस्टरची गुंडाळी. जुन्या, स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांची पोस्टरं, थेटराबाहेर लावायची फोटोकार्डं, मुखवटे असं काहीबाही मी कित्येक वर्षं जमवते आहे. सकाळच्या खेळाला लागणारे, ‘फक्त प्रौढांसाठी’ असं ठळक छापलेले ते सिनेमे. नायक-नायिका कुणाच्या लक्षात राहत नसत. भूत मात्र प्रत्येक पोस्टरवर असे. एकाच निर्मात्याच्या काही सिनेमांत एक ताडमाड उंच पिशाच्च यायचं, रबरी चेहऱ्याचं. माझ्या संग्रहात सर्वांत जास्त तेच आहे. तो मुखवटा घालणारा माणूस सोलापूरचा विणकर आहे, मल्लेशम त्याचं नाव आणि तो अजून हयात आहे, हे मला जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडून कळलं. फोन लावला तेव्हा त्यांची मुलगी, भाग्यक्का, बोलली. वस्तू सगळ्या पेटीत आहेत म्हणाली. वडिलांना बरं नसतं, पण तुम्ही या, समोरासमोर बोलू.

मोहोळच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरून बाभळीच्या तोकड्या सावलीत उभे राहिलो. शेजारी शेळ्या घेऊन एक बाई बसली होती. गुंडाळीकडे बघून तिनं विचारलं, “देवाचा फोटू हाय व्हय?”

“नाही, भुताचा,” मी म्हणाले.

ती हसली. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “जपून न्या. असलं लई दिस घरात ठेवू न्हाई.”

सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षा केली. तेलुगू विणकरांच्या पूर्व भागातल्या गल्ल्या इतक्या एकसारख्या की रिक्षावाल्यानं मला दोनदा चुकीच्या घरासमोर नेलं. प्रत्येक घरातून यंत्रमागांची खडखड, प्रत्येक दारात टॉवेलांचे गठ्ठे, आणि पत्ता विचारला की आधी आपसात तेलुगूत चर्चा. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “कोण, भूत मल्लेशम का?” आणि स्वतः दारापर्यंत सोडलं.

भाग्यक्का पन्नाशीची, सडपातळ बाई. नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला, घरात ती आणि वडील. मल्लेशम खाटेवर बसले होते. बसूनही ते माझ्या खांद्यापर्यंत येत होते. दोन्ही कानशिलांवर भाजल्यासारखे गुळगुळीत डाग होते. मी नमस्कार केला, तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत म्हणाले. ते सौजन्यानं हसले, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चालल्यासारखं.

भाग्यक्का चहा टाकायला आत गेली. मला धीर नव्हता. पोस्टरवर त्यांची सही घ्यायची, एवढं एकच स्वप्न घेऊन मी आले होते. मी गुंडाळी सोडून पोस्टर फरशीवर पसरलं.

त्यांनी खाली पाहिलं. हात छातीशी गेले. “दय्यम,” ते म्हणाले (तेलुगूत भूत), मग पुन्हा, मोठ्यानं, “दय्यम, दय्यम.” एवढा मोठा माणूस पाय वर ओढून भिंतीला पाठ घासत खाटेच्या कोपऱ्यात शिरायला लागला. भाग्यक्का धावत आली, तिनं पोस्टर उलटं केलं आणि वडिलांचं डोकं पोटाशी धरलं. हळू आवाजात ती तेलुगूत काहीतरी सांगत राहिली. थोड्या वेळानं त्यांचा श्वास खाली बसला. काय झालं होतं तेही ते विसरले आणि मला म्हणाले, बसा की, चहा घ्या.

जेवताना तिनं सगळं सांगितलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही असं ताट होतं. मल्लेशम तरुणपणी मुंबईत मागावर होते. उंची बघून कुणीतरी त्यांना शूटिंगला नेलं. पुढे सोलापूरला परत आल्यावरही सिनेमा निघाला की त्यांना न्यायला मुंबईहून गाडी यायची. मुखवटा डिंकासारख्या कशानं तरी चिकटवत, तो काढताना कातडं निघायचं. चेहरा कधीच पडद्यावर दिसला नाही, नावही आलं नाही. तरी त्यांना अभिमान होता. पेटी त्यांनी जिवापाड जपली. आता विसरण्याचा आजार जडलाय.

“पेटी माझी हाय म्हनून उघडतात,” ती म्हणाली, “आन आतलं बघून वरडत पळतात. परत इसरतात, परत उघडतात. कुलूप लावलं तर पेटी वाजवत बसतात.”

भंगारात द्यायचा विचार केला होता का, असं मी विचारलं.

“हात धजत न्हाय ताई. ल्हान असताना नायनांनी (वडिलांनी) मला थेटरात नेलं. पडद्यावर त्यांना बघून मी रडाय लागले, तवा खांद्यावर घेऊन भाईर आले आन म्हनले, अगं, मीच हाय की. आता मी त्यांना सांगते, नायना, तुमीच हाय की. त्यांना पटत न्हाय.”

शेवटी पेटी तिनं माडीवर नेऊन ठेवली होती. झाकण उघडताच रबर आणि डांबरगोळ्यांचा वास आला. केसाळ अंगरखा, नखांचे पंजे, फोटोकार्डांचा गठ्ठा, आणि तो मुखवटा. रबर कडक होऊन तडकलं होतं. आतून, कपाळाच्या जागी, घामाचे जुने पिवळे डाग. मला हवं होतं ते सगळं समोर होतं आणि हात लावायला मन होत नव्हतं. हे सगळं न्या, भाग्यक्का म्हणाली. तिची अट एकच होती.

“लोकांना हसाय दाखवू नका. मानसानं लई मनापासनं केलंय.”

मी कबूल केलं. एका चादरीत सगळं बांधून खाली आणलं, त्यांची नजर जाऊ नये म्हणून दाराबाहेर ठेवलं आणि निरोप घ्यायला आत गेले. मल्लेशम माझ्याकडे टक लावून बघत होते. मग शूटिंगच्या हिंदीत, अदबीनं म्हणाले, “मॅडम, पॅकअप हो गया? अब निकालूं क्या?”

मी भाग्यक्काकडे पाहिलं. भाग्यक्कानं हलक्या आवाजात सांगितलं की सेटवर एक केस बांधणाऱ्या बाई होत्या. कोमट पाण्यानं कडा सोडवून त्या हो म्हणेपर्यंत नायना मुखवट्याला हात लावत नसत. “तुमाला त्या समजलेत. हो म्हना.”

“हां,” मी म्हणाले. “निकालो.”

त्यांनी दोन्ही हात हनुवटीखाली घातले. कानशिलांपाशी तोंड वेडंवाकडं झालं, जुनी आग झाली असावी. सावकाश त्यांनी रिकामे हात डोक्यावरून काढले आणि माझ्यापुढे धरले. मी ओंजळ केली आणि घेतलं. त्यांनी मोकळा श्वास सोडला, तळव्यानं चेहरा पुसला आणि मुलीकडे पाणी मागितलं.

परतीच्या गाडीत गाठोडं मांडीवर होतं. मोहोळ कधी मागं पडलं कळलं नाही. इतकी वर्षं मी भुतं जमवली, त्यांच्या आत कुणी गुदमरत असेल हा विचार मला कधी शिवला नव्हता. माझ्याकडचं पोस्टरन् पोस्टर आठवून पाहिलं. मल्लेशमांचा चेहरा त्यातल्या एकावरही नव्हता.

घरी आल्यावर गाठोडं कपाटात ठेवलं, अजून सोडलेलं नाही. मध्यंतरी भाग्यक्काला फोन केला. नायना आता घाबरत नाहीत, रात्री शांत झोपतात, असं तिनं सांगितलं. फक्त अंघोळ झाली की पायरीवर जाऊन बसतात, शूटिंगची गाडी यायची आहे म्हणतात.

मग तुम्ही काय सांगता, मी विचारलं.

“आज सुट्टी हाय म्हनते. मग उठून आत येतात, जेवतात.”