लाव्हिनियाबाईंचा वरचा सज्जा

अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या आमच्या गल्लीत घरं रस्त्याकडे कूस करून उभी आहेत. रस्त्यावरचं दार उघडलं की आधी लांब सज्जा लागतो, घर त्याच्या पलीकडे. ते दार उघडं असेल तर कुणीही यावं. बंद असेल तर हाकसुद्धा मारायची नाही.

लाव्हिनिया मॅझिक यांचं दार मी कधी बंद पाहिलं नव्हतं. बायकांच्या टोप्या शिवण्यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. दुपारी वरच्या सज्जात गार, गोड चहा घेऊन बसायच्या आणि खालून जाणाऱ्या घोडागाड्यांतल्या पाहुण्यांना हात करायच्या. "ते घर बघतात, मी त्यांना बघते," म्हणायच्या. ऑक्टोबरात जुनी घरं बघायला लोक येत, तेव्हा त्यांना वर नेऊन चर्चचे मनोरे आणि बंदर दाखवणं हा त्यांचा वर्षाचा सण.

त्या साली मे महिन्यात त्यांच्या दिव्याभोवती पंखांची वाळवी उठली. शेजारच्या सायरस सुताराने वरच्या सज्जाच्या खांबावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"लाव्हिनियाबाई, हा खांब नाही, नुसता रंग आहे."

"मग रंगाचा अजून एक हात दे. तुझ्या बापाने रंगवला तेव्हा तो काही बोलला नाही."

"तो माणसांशी बोलत नसे, खांबाबद्दल काय बोलणार? सज्जा उतरवावा लागेल."

"जुनं घर हे. उतरवलास की परत बांधायच्या परवानगीत वर्ष-दोन वर्षं जातील. माझ्यापाशी तेवढी आहेत का, ते सांग."

सायरस अंगठा पुसून निघून गेला. मग एक रंगारी आला आणि खांब पांढरेशुभ्र झाले.

ऑक्टोबरात पाहुणे आले. मी, गल्लीतली शाळामास्तरीण, खाली तिळाच्या बिस्किटांचं तबक घेऊन उभी होते. वर पावलं वाजत होती. मग छताच्या फटीतून रव्यासारखा बारीक भुसा बिस्किटांवर पडू लागला. लाकूड दबल्याचा एक लांब, ओला आवाज झाला. वरची पावलं थांबली.

"मंडळी," लाव्हिनियाबाई नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाल्या, "खाली चला. बिस्किटं मास्तरीणबाईंच्या हातात आहेत, त्यांचा भरवसा नाही."

लोक हसत उतरले. सगळ्यांच्या मागून त्या आल्या, कठडा सोडून भिंतीला धरून. सगळ्यांना निरोप दिला आणि रस्त्यावरचं दार लावून घेतलं.

ते दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही, त्यानंतरही नाही. पाद्रीबाबांनी जेवणाचा डबा पायरीवर ठेवला आणि रीतीप्रमाणे हाक न मारता गेले. दुपारी मात्र वरून झुलत्या खुर्चीची करकर यायची. सज्जा अंगावर येईल म्हणून लोक ती ऐकून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायला लागले.

समुद्रावरून वारा चढला त्या दुपारी मी दार ढकललं. कडी लावलेली नव्हती. वर गेले. लाव्हिनियाबाई सज्जाच्या पार टोकाला बसल्या होत्या. बंदर शिशासारखं दिसत होतं.

"दार बंद दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग शाळेत मुलांना शिकवलंत काय?"

"आत चला, लाव्हिनियाबाई."

"लोकांना उतरवलं ना मी? माझं एकटीचं वजन ते कितीसं."

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. फळी भिजलेल्या पावासारखी दबली. मी पाय मागे घेतला. खांब मात्र सरळ, नवेकोरे दिसत होते.

"माझ्या खिडकीत बसत जा," मी म्हणाले.

"तुमच्या खिडकीतून बंदर दिसत नाही."

"नाही. माणसं दिसतात."

त्यांनी पेल्यातल्या चहाचा घोट घेतला. "गाड्या जातात का तिथून?"

"रोज."

"बसायला काय आहे? तुमची ती लाकडी खुर्ची पाठ मोडते."

"उशी शिवा. हात रिकामेच आहेत तुमचे."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि उठल्या. जवळच्या खांबावरचा रंग वरपासून खालपर्यंत तडकला. पाठ भिंतीला लावून त्या सरकत सरकत आल्या. मी त्यांचं मनगट धरलं आणि उंबऱ्याच्या आत ओढलं.

खुर्ची बाहेर अजून झुलत होती. दर झोक्याला ती उतरत्या फळ्यांवरून कठड्याकडे थोडी सरकत होती. आम्ही दोघी बघत राहिलो. धरायला कुणी गेलं नाही.