नानांच्या कारखान्यातली सावड

प्रिय सई आणि ओम,

परवा सई फोनवर म्हणाली, तिच्या हाताखाली आता पाच देशांची माणसं आहेत आणि त्यांना कसं सांभाळायचं याचं ऑफिसात प्रशिक्षण चालू आहे. तेव्हाच ठरवलं, तुमच्या आजोबांच्या मावसभावाबद्दल लिहायचं. कारण इतक्या तऱ्हेची माणसं एका छपराखाली नांदवणारा आणि त्याचं शास्त्र इतकं विचित्र असणारा दुसरा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल.

हे नाना मूळचे पारोळ्याकडचे शेतकरी. जळगावला येऊन त्यांनी प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना काढला, पण डोकं शेतातच राहिलं. शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात, त्याला सावड म्हणतात. नानांनी ती थेट कारखान्यात आणली. तुझ्या सणाला मी तुझा माग चालवीन, माझ्या सणाला तू माझा. त्यामुळे नोकरी मागायला येणाऱ्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "तुना सण कोन्ता शे?" बिहारी छठ सांगत, सातपुड्यातले पावरा आदिवासी होळी, आमचे लोक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. एकदा पुण्याचा इंजिनिअर "वीकेंड" म्हणाला. नाना मला गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, याले सणच नही! हाऊ कोनी सावड फेडी?" त्याला परत पाठवलं. एका गावची दोन माणसं ते एका मागावर कधी ठेवत नसत. म्हणत, "त्या दोघा गप्पा मारतीन, माग ऐकत बशी."

त्यांचा मुलगा प्रशांत व्यवस्थापन शिकून आला आणि हे सगळं बघून हादरला. त्याला एकाच ठेकेदाराची माणसं हवी होती. "एक गाव, एक भाषा, एक सुट्टी. कटकट नाही," तो म्हणायचा. बापलेकांची धुसफूस चालू असतानाच नानांनी घोळ घातला. आखाजी आणि ईद त्या वर्षी जवळजवळ आल्या होत्या, आणि आखाजीसाठी मीही त्यांच्याकडे आले होते. ईद आदल्या दिवशी उरकेल आणि मुसलमान कारागीर आखाजीला माग चालवतील, असं गृहीत धरून त्यांनी सुरतच्या व्यापाऱ्याला आखाजीच्या संध्याकाळी माल पाठवायचा शब्द दिला. पण चंद्र काही दिसला नाही. ईद नेमकी आखाजीच्याच दिवशी आली आणि निम्मा कारखाना रिकामा झाला.

"माल गेला नाही तर पुढच्या महिन्यापासून ठेकेदार," प्रशांत म्हणाला. नानांनी रिकाम्या मागांवरून एक नजर फिरवली. मग म्हणाले, "कबूल."

घडी विभागाच्या मुकादम शांताक्का तिथेच उभ्या होत्या. "नाना, तोंड काय पाडतस? भीमजयंतीले आमना माग कोनी चालवात? आते आमनी पाळी शे," म्हणाल्या आणि वस्तीतल्या बायका घेऊन आल्या. बिहारी आणि पावरा मुलं मागांवर उभी राहिली. नाना स्वतः चटया बांधायला बसले, पण त्यांच्या गाठी सुटायच्या. शेवटी शांताक्कांनी त्यांना उठवलं, "तुम्ही फक्त मालक व्हा, नाना." दुपारी मागावरचा रफिक नवा कुर्ता घालून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. "आज तुझी सुट्टी ना रे?" मी विचारलं. "नमाज झाली, भाभी. घरी पाहुणे झोपलेत," म्हणत त्याने बाह्या वर केल्या. फिटरच्या घरून आखाजीच्या सांजोऱ्या आल्या. प्रशांतही कोट काढून गठ्ठे उचलू लागला. ट्रक निघाला तेव्हा अंधार पडत होता. घाम पुसत प्रशांत म्हणाला, "ठेकेदार राहू द्या, बाबा. पण पुढच्या वर्षीपासून तारखा मी बघणार." नानांनी मान डोलावली. हरल्यासारखी, पण डोळे हसत होते.

आता कारखाना प्रशांत बघतो. हजेरी अंगठ्याने लागते, इंजिनिअरही आले आहेत. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात राहिल्याने नानांना ऐकू येत नाही, आणि गुडघ्यांमुळे ते घराबाहेर पडत नाहीत. यंदा आखाजीला मी त्यांच्याकडे होते. त्यांनी कारखान्यात फोन लावायला लावला आणि फोन माझ्या कानाला धरून माझ्या तोंडाकडे बघत बसले. "वहिनी, आवाज येस का?"

मी होकाराची मान हलवली. पलीकडे रफिक होता, आणि त्याच्या मागे माग चालू होते.

सावड अजून चालू आहे.

तुमची आजी