बांगड्याचं एक डोकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — सांगितलंय. लग्नाच्या मांडवात, गणपतीत आरत्या झाल्यावर, हातवारे करून, आवाज काढून कितीदा तरी सांगितलंय. पण जे सांगितलं ते खोटं. खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि दोन कुत्र्यांना ठाऊक होतं. ती आता हयात असणं शक्य नाही.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दुसरं कुठलं काम माझ्यावर सोपवायचं धाडस कुणी केलं नाही, म्हणून हे आलं. चार माणसं जमली की फर्माईश होते — ती वहिनीची आणि कुत्र्याच्या पिल्लांची सांग. मग मी सांगतो. पिल्लं घरापुढच्या खळ्यात मजेत खेळतायत, वहिनी बाळंतिणीच्या खोलीतून ओरडतेय की मारामारी लागली, आणि मी शांतपणे म्हणतोय, “खेळतायत, वहिनी.” शेवटी वहिनी डोक्याला फडकं बांधलेली, हातात पाण्याची कळशी, केस पिंजारलेले, अशी दारात उगवते आणि खेळाची मारामारी करून टाकते. इथे हशा होतो. हशा झाला की मी थांबतो. पुढचं कुणी विचारत नाही — हसलेल्या माणसाला पुढचं नको असतं.

तुम्हीही हसला असतात. माझी सांगायची हातोटी बरी आहे. तीच तर अडचण आहे.

आधी एक छोटी गोष्ट कबूल करतो, म्हणजे मोठीकडे जायला जरा धीर येईल. मला कुत्र्यांची भीती वाटते. लहान, मोठी, बांधलेली, झोपलेली — सगळ्यांची. लहानपणी आमच्या वाडीतल्या एका काकांना कुत्रं चावलं होतं आणि त्यांनी पोटात चौदा सुया घेतल्या होत्या. त्यांना त्याचं कोण कौतुक. कुणीही आलं की सदरा वर करून बेंबीभोवतीचा मुलूख दाखवायचे. बाकीची पोरं बघायला पुढे जायची, मी दगडी गडग्यामागे उभा राहून स्वतःचं पोट धरायचो. ती भीती गेली नाही. नुसती मिशीमागे जाऊन बसली. सत्ताविसाव्या वर्षी मिशी असलेला बाप्या पिल्लाला घाबरतो, हे सांगायचं कसं?

पिल्लं वहिनीने आणली होती. तिचं माहेर समुद्रकाठच्या नाटे गावचं, आम्ही पावसच्या बाजूचे, बागवाले. त्या वर्षी वानरांनी कलमांवर उच्छाद मांडला होता, म्हणून ती माहेराहून येताना टोपलीत दोन पिल्लं घेऊन आली. शेरू थोराड, तांबडा. मण्या त्याच्या निम्मा, एक कान पांढरा. भाऊ मुंबईला नोकरीला, वहिनीला सातवा महिना, आणि ती दिवसभर त्या दोघांशी बोलत बसायची.

पहिल्यांदा ती दोघं एकमेकांवर तुटून पडली तेव्हा मी पडवीतल्या बाकावर पाय वर घेऊन बसलो. वहिनी हसली. पण तिने मला घाबरट म्हटलं नाही हो — शिकवलं. नाट्याला जाळी वाळत घालतात तिथे कुत्र्यांच्या पिढ्या वाढतात, ती लहानपणापासून त्यांचे आवाज ऐकत झोपलेली. ती म्हणाली, खेळताना आवाज तुटक येतो, मध्ये मध्ये थांबतो, शिंकल्यासारखं करतात. अंग सैल असतं. आत्ता जो वर आहे तो जरा वेळाने आपणहून खाली पडतो, मोठा असला तरी. भांडणात पाळी बदलत नाही. अंग काठीसारखं होतं, आणि आवाज थांबत नाही — किंवा एकदम बंद होतो. तोंडात काहीतरी धरलं की आवाज कुठून येणार? आणि तरीही कळलं नाही, तर वरच्याला उचलून बाजूला धरायचं. खालचा परत अंगावर धावून आला तर खेळ. पळाला तर खेळ नव्हता.

आणखी एक तिने बजावलं होतं. खाणं कधी दोघांच्या मध्ये टाकायचं नाही. ती दोन करवंट्या खळ्याच्या दोन टोकांना ठेवायची. एकाच पोटची असली, तरी खाण्यापुढे भाऊ नसतो, म्हणायची.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मुद्दाम सांगतोय. माहीत नव्हतं अशी पळवाट मला ठेवायची नाही.

वहिनी एप्रिलात बाळंत झाली, मुलगी झाली. आंब्याचे दिवस. घरातलं झाडून सगळं माणूस बागेत — काढणी चाललेली, पेंढा घालून पेट्या भरणं चाललेलं. मला बागेत कुणी नेत नसे. आंबे उतरवायची घळ माझ्या हातात दिली की आंब्याऐवजी डहाळी खाली येते असा लौकिक होता. म्हणून मला घरी ठेवलं, बाळंतिणीला सोबत. आईने सकाळी बांगडे साफ केले आणि जाताना डोकी पानावर ठेवून मला सांगितलं, ही माडाच्या मुळाशी पुर. आमच्याकडे मासळीचं उरलंसुरलं माडालाच जातं. एवढं एकच काम.

पुरली मी. एक सोडून सगळी पुरली.

का ठेवलं ते एक? भुकेल्या पिल्लांची दया आली असं आजवर स्वतःला सांगत आलो. दया कसली? मजा बघायची होती. वर बाकावर बसून, पाय वर घेऊन, सुरक्षित जागेवरून बघायची होती. भित्र्या माणसाला दुसऱ्यांची झुंज बघायला फार आवडते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मी ते डोकं खळ्याच्या मधोमध टाकलं. दोघांच्या बरोबर मध्ये.

पहिल्यांदा नेहमीसारखंच वाटलं. मग आवाज बदलला. मला कळलं — कळलं हो, अगदी त्या क्षणाला कळलं. मध्ये थांबत नव्हता. शेरू वर होता आणि वरच राहिला. मण्या खालून निसटायला बघत होता, आणि दुसरा त्याला सोडत नव्हता. मी स्वतःचं पोट धरलं, गडग्यामागे धरायचो तसं. मी बाकावरून उठलो आणि — इथे हसलात तरी चालेल — पिल्लांकडे जायच्या ऐवजी तुळशीच्या कट्ट्यावर चढलो. बाप्या माणूस, तुळस कवटाळून उभा.

खोलीतून वहिनीचा आवाज आला. “भाऊजी, आवाज बदललाय हो. बघा जरा.”

ती ओरडली नव्हती. गोष्टीत मी तिला ओरडायला लावतो. तिने नीट सांगितलं होतं, मला शिकवलं होतं तसंच.

मी म्हणालो, “खेळतायत, वहिनी.”

कट्ट्यावरून. बघत बघत. मण्याचा पांढरा कान तांबडा झालेला दिसत होता, आणि मी म्हणालो खेळतायत. हे का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर खाली उतरावं लागलं असतं. वरच्याला उचलावं लागलं असतं, हात घालावा लागला असता. बस, एवढंच. यापलीकडे त्यात काही नाही, मी खूप शोधलंय.

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो, आवाजात जरा हसू आणून. आणि मग मण्या केकाटला आणि त्याचं केकाटणं मध्येच बंद झालं. ती जी शांतता होती ना — ती मला अजून ऐकू येते. भर दुपारी, जेवताना, कुठेही.

तेव्हा वहिनी बाहेर आली. सोयरातली बाई, उंबरा ओलांडायचा नाही, अंगात त्राण नाही, पोरगी आत एकटी टाकलेली. दारातली कळशी उचलून तिने दोघांवर ओतली, शेरूला मानेला धरून उचललं. मण्या सुटला आणि गडग्याच्या भोकात शिरला. परत अंगावर आला नाही.

तोवर मी कट्ट्यावरून उतरलो होतो. उतरता उतरता बांगड्याच्या डोक्याचा जो तुकडा उरला होता तो पायाने केळीच्या बुडाशी सारला. इतकं मात्र मला सुचलं. भीतीने हातपाय गळतात म्हणतात, माझे या कामाला बरे चालले.

मण्याचा डावा डोळा गेला. वहिनी खळ्यात मटकन खाली बसली होती, पदराला रक्त. तिने विचारलं, त्यांच्यात काही खायला पडलं होतं का? मी म्हणालो, नाही. तिने पदराला लागलेलं रक्त बघितलं. मग म्हणाली, “मी पाणी टाकलं तेव्हाच चावला काय?”

तिने स्वतःहून मला वाट दाखवली. मी तिच्यावरून चालत गेलो.

“हो,” म्हणालो. “तोवर खेळत होती.”

संध्याकाळी सगळे बागेतून आले. आई तिच्यावर किती बोलली. बाळंतीण तू, बाहेर कशाला आलीस गो, लहान पोर टाकून? कुत्र्यांच्या खेळात तुला काय पडलं होतं? वहिनी मान खाली घालून ऐकत होती. मी पडवीत बसून पेट्यांचे खिळे मोजत होतो. आबांनी, म्हणजे वडिलांनी, निकाल दिला — घरात तान्हं पोर आहे, असं बिथरणारं जनावर ठेवायचं नाही. शेरूला खाडीपलीकडे सोडून या. कुणी जायचं? मोकळा कोण होता घरात?

पिशवीत घालून एस्टीने पूर्णगडपर्यंत नेला. मी इतका घाबरलो होतो की पिशवी मांडीवर न घेता हातभर लांब धरली होती, आणि कंडक्टर विचारत होता, बॉम्ब आहे काय? होडीत बसल्यावर शेरूने डोकं बाहेर काढलं, माझ्या मनगटावर ठेवलं आणि झोपला. मनगट हलवायची हिंमत झाली नाही. पलीकडे वाळूत उतरवला. मी परत होडीकडे चालायला लागलो तसा तो धावत पुढे आला, पुढचे पाय वाळूत पसरून, मागचं अंग वर करून, शेपटी हलवत उभा राहिला. हे काय असतं तेही वहिनीने शिकवलं होतं. ‘चल, खेळूया’ असतं ते.

मी होडीत चढलो. माणूस दिसेनासा होईपर्यंत कुत्रं त्याच जागी बसतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी पाठ करून बसलो होतो.

घरी आल्यावर महिनाभर मला धसका होता — कोण केळीच्या बुडाशी डोकावेल, कोण काय विचारेल. कुणी विचारलं नाही. उलट पुढच्या गणपतीत कुणीतरी मला म्हणालं, काय रे, वहिनीने कुत्र्यांचा काय तमाशा केलान म्हणे? मी सांगायला लागलो. लोक हसले. हसले तशी माझी भीती कमी झाली. मग मी सांगतच राहिलो. खोटं पक्कं करायचं असेल तर ते विनोदी करावं, कुणी उलटतपासणी घेत नाही.

वहिनीचं काय झालं? तिने त्यानंतर कुत्र्यांबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. मला त्यातलं काही कळत नाही हो, म्हणायची. मण्या एका डोळ्याने बाग राखत म्हातारा झाला, ती त्याला घास घालायची, पण समोर बसून बोलायची नाही. तिला पुढे मुलगा झाला. बहीण-भाऊ दंगा करायला लागले की ती हातातलं काम टाकून धावायची, पदर सावरत, घाबरीघुबरी. बघितलं तर पोरं हसत असायची. घरात तिची चेष्टा व्हायची आणि तीही हसायची. स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वास गेला होता. तो कुठे गेला ते मला माहीत होतं.

परवा पुतणीच्या लग्नात, म्हणजे त्या दिवशी आत एकटी पडलेल्या पोरीच्या लग्नात, मला ती गोष्ट सांगायला लावली. मी सुरुवात केली आणि मधला भाग वहिनीनेच उचलला. “आणि मी मेली आतून बोंबलतेय,” म्हणाली, आणि बोंबलून दाखवलं. कळशी ओतल्याचे हातवारेसुद्धा केले. मांडव हसला. तिला आता खरोखरच तसं आठवतं.

मांडव उठल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ती उरलेले नारळ खोवत होती. माझे उशिरा झालेले, अजून शाळेतले दोन मुलगे घरामागे एकमेकांच्या उरावर बसले असावेत, आवाज येत होता. वहिनीचा हात विळीवर थांबला. तिने मान तिरकी करून ऐकलं, ऐकत राहिली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

“भाऊजी, खेळतायत ना?”

“हो,” मी म्हणालो.

ती परत खोवायला लागली. मी उठून बघितलं नव्हतं.