चवीची सही

मरुदायीला गावात सगळे सोशिक म्हणायचे. डोंबलाची सोशिक! चौदा वर्षं तिने एकच राग जपला आणि एक दिवसही तो थंड होऊ दिला नाही.

आमच्या गावच्या सरकारी शाळेत ती स्वयंपाकीण म्हणून लागली तेव्हा पंचविशीची होती. नेमणूक रीतसर, कागदावरची. पहिल्याच दिवशी तिने नव्वद पोरांचा सांबारभात रांधला, अंडी उकडली. पोरं ताटं घेऊन बसली, तोच वरच्या आळीतला कुळंदैवेलू चार माणसं घेऊन आला. खालच्या वस्तीतल्या बाईच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत, म्हणाला, आणि पातेलं लाथेनं उलटं केलं. तिचे पाय भाजले. पण भाजलेलं ती विसरली असती. तिच्या डोळ्यांपुढून हलली नाहीत ती पोरं. मातीतली अंडी उचलून, परकराला पुसून त्यांनी खाल्ली. घरी काही नव्हतंच त्यांच्या.

पोलिसांनी दोघांनाही समज दिली. दोघांनाही, बरं का! महिन्याभरात तिची बदली झाली, दोन बस बदलून जायच्या गावी. दर वर्षी ती परत येण्यासाठी अर्ज करायची. घर जवळ पडेल म्हणून करते, असं तिच्या नवऱ्यालाही वाटायचं. तिला मात्र एकच हवं होतं. त्या माणसाने तिच्या हातचं खायचं, चारचौघांत.

अखेर गेल्या वर्षी ती परतली. कुळंदैवेलू आता शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष होता. मुलाचा तिरुप्पूरचा होजिअरीचा कारखाना बुडाला, मुलगा गावी आला, नात याच शाळेत बसली. मलर तिचं नाव. आजोबांनी तिला डबा दिलेला, शाळेतल्या भाताला शिवायचं नाही अशी ताकीदही दिलेली. पोर अंड्याकडे बघत बसायची. मरुदायी तिला गुपचूप वाढायची. पोरीशी तिचं वैर नव्हतं.

नियम असा की, पोरांना वाढण्याआधी समितीच्या माणसाने जेवण चाखायचं आणि वहीत सही करायची. एका सोमवारी मरुदायीने ती वही उघडून पाहिली. कुळंदैवेलूने आख्ख्या महिन्याच्या सह्या घरी बसून केलेल्या! हेडमास्तर वही नेऊन देत, आणून ठेवत. तिने वही मिटली आणि जागेवर ठेवली. तीन आठवडे ब्र काढला नाही.

मग तपासणीला तालुक्याच्या अधिकारी बाई आल्या. वही चाळता चाळता त्यांनी विचारलं, रोज कोण चाखतं? हेडमास्तर खोकू लागले. मरुदायी हात पुसत पुढे आली. म्हणाली, अध्यक्षसाहेब चाखतात, त्यांनाच विचारा. बाईंनी बोलावणं धाडलं.

कुळंदैवेलू लुंगीसारख्या गुंडाळलेल्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीत आला. जेवण कसं असतं, असं बाईंनी विचारताच म्हणाला, उत्तम असतं, मी स्वतः रोज चाखतो. बाईंनी वही त्याच्यापुढे धरली. उद्याचीही सही होती.

"उद्याचं उद्या बघू, अय्या," मरुदायी म्हणाली. "आजचं तरी चाखा."

तिने ताट भरलं. चिमूटभर नव्हे, पोटभर. पोरं रांगेत बसून बघत होती. आपल्या हट्टापायी पोरांचं जेवण लांबतंय, हे तिला टोचलं. टोचलं, तरी ती हलली नाही. समोर अधिकारी, हातात खोटी वही; तो नाही म्हणणार कुठल्या तोंडाने? त्याने पहिला घास घेतला. मग दुसरा. कपाळावरून घाम निथळत होता. बाईंनी सगळं संपवायला लावलं, अन्न टाकू नका म्हणाल्या.

रिकामं ताट त्याने सवयीने तिच्याकडे सरकवलं.

"इथं ज्याचं ताट त्यानंच धुवायचं असतं," ती म्हणाली. "नळ तिकडं आहे."

गावाने कधी पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं. कुळंदैवेलू वेष्टी सावरत नळापाशी उकिडवा बसला. मलर धावत गेली आणि आजोबांना शिकवू लागली, आधी खरकटं काढा ताता, मग घासा. पोरं फिदीफिदी हसली.

ताट घेऊन तो आला. मरुदायीने ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. कडेला सांबार राहिलं होतं. तिने ते त्याच्या हातात परत दिलं.