रविवारची थंड शेगडी

माझा नवरा म्हणतो, मला स्वर्गात घेतलं तरी मी आधी दारात थांबून बिजागऱ्या तपासीन. यात खोटं काही नाही. चाकणच्या एका कंपनीत मी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. ब्रेकचे सुटे भाग ट्रेमधून पुढं यायचे आणि मी त्यांच्याकडे संशयानं बघायचे, याचाच मला पगार मिळायचा. भाग चांगला आहे हे सिद्ध होईपर्यंत तो वाईटच धरायचा, असं आम्हाला शिकवलेलं. नोकरी संपली, पण ती शिकवण काही अंगातून गेली नाही. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत मी सगळ्यांना उलटं करून बघते.

निवृत्त झाले आणि चर्चमध्ये फादरांनी मला पकडलं. म्हणाले, आता वेळ आहे ना, मग आजाऱ्यांना कम्युनियन देऊन या. ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिस्सात, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, जी पवित्र भाकर आम्ही घेतो, ती आमच्यासाठी साक्षात ख्रिस्त असते. ज्यांना खाटेवरून उठवत नाही त्यांना ती घरी नेऊन द्यायची. काम फादरांचंच, पण चिंचवडपासून चाकणपर्यंत सोसायट्या अशा उगवल्यात की एकटा माणूस कुठंकुठं पुरणार? म्हणून आमच्यासारख्या काहींना शिकवून तयार करतात. छोटी सोनेरी डबी, ती ठेवायला गळ्यात अडकवायची पिशवी, आणि एक नियम: डबी जवळ असताना रस्त्यात गप्पा मारायच्या नाहीत, कुणाकडे टेकायचं नाही, सरळ त्या घरी जायचं. मी तशी बोलघेवडी. स्कूटरवरून जाताना ओळखीचं माणूस दिसलं की जीभ नुसती वळवळते. पण एवढा एक नियम मी पाळते.

माझ्याकडे तीन घरं आली. दोन चिंचवडातली, जवळची. तिसरं मोशीला, नवव्या मजल्यावर. तिथल्या मावशी मूळच्या नगरकडच्या, आमच्याच माणसांतल्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे मात्र लख्ख, आणि डावा हात चालता. मुलगा चाकणला पहिल्या पाळीत. आमच्या पट्ट्यात निम्म्या कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो, त्यामुळे रविवारी तो कधी घरात नसायचा. घरात असायची सून. ती चाकणच्या बाजूच्या एका गावातली, शेतकरी माळकऱ्याची पोर. मंगळसूत्राच्या जोडीला गळ्यात तुळशीची माळ. त्यानं तिच्याशी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी बरंच तोंड वाकडं केलं होतं, असं कानावर होतं. तीही वायरिंगच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जायची.

पहिल्याच रविवारी माझ्या मनात पाल चुकचुकली. सुनेनं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला, मला आत घेतलं आणि लगेच दार लावून आतून कडी घातली. खिडकीचा पडदाही ओढला. मी प्रार्थना म्हणून मावशींना कम्युनियन दिलं, तोवर ही दाराला पाठ लावून उभी, हालचाल नाही की शब्द नाही. माझं झालं तशी म्हणाली, "या मग, काकू." या मग! अहो, आपल्याकडे दारात आलेल्या पोस्टमनलाही पाणी विचारतात. मी नऊ मजले चढून, म्हणजे लिफ्टनं, पण आले होते ना? चहाचं नावही नाही.

मी काही चहासाठी हपापलेली नाही. पण जिथं चहा विचारत नाहीत तिथं पाणी कुठंतरी मुरत असतं, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या रविवारी मी जाता जाता स्वयंपाकघरात डोकावले. ओटा धुतलेला, भांडी पालथी, शेगडी थंड. बाजूच्या फ्लॅटमधून मटणाचा वास येत होता, आणि या घरात फोडणीचा मागमूस नाही. कोपऱ्यात भाकरीचं टोपलं झाकलेलं, मी सहज उचलून बघितलं तर रिकामं. सून मागं उभी होती. "काय पायजे का, काकू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मावशींचे गाल बसलेले दिसत होते, डावा हात कम्युनियन घेताना थरथरत होता. मी त्यांना हळूच विचारलं, "मावशी, काही खाल्लंत का सकाळपासून?" त्यांनी मान हलवली. नाही.

झालं. माझ्यातली क्वालिटीवाली ताठ उठून बसली.

कंपनीत एखादा माल पुरवणारा लबाड वाटला की आम्ही न सांगता जायचो. ठरलेल्या दिवशी सगळेच झाडून पुसून ठेवतात, खरं दिसतं ते अवचित गेल्यावर. मी तेच सुरू केलं. कधी पहिल्या मिस्साला जाऊन लवकर पोचायची, कधी दुसऱ्या मिस्सानंतर. कधी दहाच्या मिस्साला जायची, आधी चिंचवडची दोन्ही घरं करायची, मग मोशी, म्हणजे तिथं दुपार व्हायची. काय वाट्टेल त्या वेळेला जा, शेगडी थंड आणि मावशी उपाशी. दुपारीसुद्धा! साडेबाराला माणूस उपाशी ठेवतात का? उलट जितकी मी उशिरा जाई तितका मावशींचा हात जास्त थरथरे. आणि सून तितकीच घाईनं मला बाहेर काढी.

मग एका रविवारी मावशींनीच मला सांगितलं. सून दाराची कडी घालायला वळली तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला, आपल्या पोटावर ठेवला आणि मग बोट लांब करून सुनेकडे दाखवलं. पुन्हा पोट, पुन्हा सून. डोळ्यांत पाणी. याहून स्पष्ट तक्रार ती काय असते? वाचा गेलेल्या बाईनं आणखी कसं सांगायचं, की मला ही उपाशी मारते म्हणून? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबी गळ्यात नसती तर त्याच क्षणी तिची खरडपट्टी काढली असती.

गुरुवारी मी मावशींच्या मुलाला फोन केला. "आई जेवते ना रे नीट?" तो म्हणाला, "जेवते की काकू. हीच भरवते." म्हटलं, हा तर बायकोचीच री ओढणार. मग मी फादरांकडे गेले. तळेगावला सिस्टर लोकांचं एक घर आहे, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात, प्रेमानं करतात. मी म्हटलं, "फादर, मावशींना तिथं हलवू. पोराच्या घरी राहून म्हातारी भुकेनं जाईल."

फादर तरुण आहेत, पण शांत. म्हणाले, "एक खाट रिकामी आहे, मी विचारतो. पण सुनेला एकदा विचारलंत का?"

"चोराला विचारायचं का, चोरी केलीस का म्हणून?"

"घरातून माणूस उचलणं सोपं नसतं," ते म्हणाले. "खात्री करा, मग मुलाशी मी बोलतो."

खात्री करणं हा तर माझा धंदा. त्या रविवारी मी सकाळीच शिरा केला, साजूक तुपातला, आणि स्टीलच्या डब्यात भरून घेतला. दहाचा मिस्सा, चिंचवडची घरं, मग मोशीच्या चौकात तुंबलेली वाहनं. नवव्या मजल्यावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. सुनेनं दार उघडलं. कंपनीचा गणवेश घालून तयार, पर्स दाराशी. चेहरा उतरलेला. मनात म्हटलं, बघ कशी निघालीय, म्हातारीच्या पोटात कण नाही आणि ही चालली पाळीला. मी मावशींजवळ बसले, डबा उघडला, चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. म्हटलं, "आधी खा. देव थांबेल."

मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

आणि सुनेनं झडप घालून माझ्या हातातला डबा काढून घेतला. चमच्यातला शिरा चादरीवर सांडला. एवढी गरीब दिसणारी पोर, पण आवाज चढला होता. "काकू, तुमी असं कसं करता? तुमीच? आधी देव, मंग घास!"

मी उठून उभी राहिले. म्हटलं, सापडली. गळ्यातल्या डबीचंही भान उरलं नाही. "देवाचं नाव काढू नकोस," मी म्हणाले. "रविवारी एकदाही या घरात मला चूल पेटलेली दिसली नाही. म्हातारीला उपाशी ठेवतेस, लाज नाही वाटत?"

तिनं डबा नीट झाकून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मीच ठेवते उपाशी. तुमचा देव येईस्तोवर."

मला काही कळेना. ती सांगत गेली. "लग्न होऊन आले तवा पह्यल्या रविवारी मी आईंना चहा नेऊन दिला. त्यांनी कप बाजूला ठिवला. म्हनल्या, देव घ्यायच्या आधी तोंडात काय घालायचं न्हाई, पाणी तेवढं चालतं. मला लगीच पटलं. आमच्यात बी निवद दाखवल्याबिगर कोन जेवतंय? आता आईंची वाचा गेली, म्हनून काय त्यांचा नेम मोडू व्हय? गॅस बी पेटवत न्हाई मी. वास आला का त्यांना भूक लागंल, आन त्यांना सांगता बी यायचं न्हाई."

"आणि चहा?" माझ्या तोंडून काय निघावं तर हे.

"तुमाला? आईंनीच सांगितलेलं. देव घेऊन येनाऱ्याला थांबवायचं न्हाई, बसवायचं न्हाई. त्याला पुढं जायचं असतं."

माझाच नियम. मी रस्त्यात पाळत होते आणि ती घरात.

"दार लावतेस ते?"

यावर ती जरा ओशाळली. "ते शेजारचे इचारत्यात. कोन बाई येती, म्हातारीला काय चारती. मला भांडान नकोय." म्हणजे ती काहीतरी लपवतेय, एवढा एक संशय तरी माझा खरा निघाला. त्याचा आनंद करायला मात्र मला सवड नव्हती, कारण मघाशी दारात दिसलेला तिचा चेहरा आता मला वेगळा दिसायला लागला होता.

"तू काय खाल्लंस?" मी विचारलं.

"घरात एक मानूस उपाशी, आन मी कशी खाऊ?" ती म्हणाली. "तुमी गेल्या का पटकन भात टाकते, आईंना भरवते, तेवढ्यात बस येती. मंग माझं राहतं. पह्यलं तुमच्या आधी दुसरे यायचे, ते सकाळी नऊच्या आत. तुमी कवा नऊला, कवा अकराला, आता तर एक. मला वाटलं, तुमच्यात असंच असंल. जेवढा उशीर तेवढं पुण्य."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. आजाऱ्यांना आमच्यात उपासाची सक्तीच नाही. मला ते इतकं पाठ, की कुणी पाळत असेल हे डोक्यातच आलं नाही. मी तिला ते सांगितलं. तिनं सासूकडे बघितलं. मावशींनी डावा हात जोरात हलवला, नाही म्हणून. मग तोच हात पोटावर ठेवला आणि बोट सुनेकडे केलं. पोट, मग सून. त्यांच्या डोळ्यांत तसंच पाणी होतं. गेल्या रविवारीही ती बाई मला हेच सांगत होती, की माझी पोर उपाशी कामाला जाते.

मी खाली बसले. कशीबशी प्रार्थना म्हटली, कम्युनियन दिलं. खाली बसचा हॉर्न वाजला. सुनेनं पर्स उचलली, आणि शेगडीकडे बघितलं. मी म्हटलं, "मावशींना मी भरवते. भात मी टाकते. तू हा डबा घेऊन जा."

"शिरा तर आईंसाठी आणला ना?"

"तुझ्यासाठीच आणलाय," मी म्हणाले. मी आयुष्यात फार कमी वेळा खोटं बोलले आहे. तिनं डबा घेतला आणि लिफ्टकडे पळाली.

संध्याकाळी फादरांचा फोन. "खात्री झाली? खाट ठेवू का?"

"नको," मी म्हटलं. "मला पहिल्या मिस्साला डबी द्या. मोशी फक्त. चिंचवडची घरं दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पुढच्या रविवारी आठच्या आत मी दारात होते. सुनेनं दार उघडलं आणि माझ्याकडे संशयानं बघितलं, अगदी मी बघते तसं. "काकू, आज एवढ्या लवकर? कुनी काय बोललं का?" मी मानेनंच नाही म्हटलं आणि सरळ आत गेले, कारण डबी गळ्यात होती. मावशींना कम्युनियन दिलं. डबी रिकामी झाली, मिटली, पिशवीत ठेवली. मग मी म्हटलं, "आता मला बसवलंस तरी चालतं. मीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

मावशींनी डावा हात पोटावर ठेवला. बोट सुनेकडे नेलं. मग ते तिथून हललं आणि माझ्याकडे वळलं.

सुनेनं गॅस पेटवला.