आंबट मातीतला पांढरा मका

"अक्का, अंगठाच मांगी राहिनात, मुंडकं नही," पोलीस पाटील सुकदेव म्हणाला, तशी चावडीच्या ओट्यावरची माणसं हसली. बेबाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

साल १९५७, ऑगस्ट सरत आलेला. मोहोरपाडा हे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, साक्रीच्याही पश्चिमेला, घाटाच्या पायथ्याशी. चौदा घरं, लाल उताराची जमीन. तिथं कापूस होत नाही, हरभरा धरत नाही. नागली, म्हणजे नाचणी, होते आणि बुटक्या ताटाचा पांढरा मका. त्या मक्याचं बियाणं पाड्यात बेबाबाई राखत असे. चांगली कणसं पानांसकट चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुरानं काळी झाली की जूनमध्ये घरोघर वाटायची.

त्या वर्षी सरकारी योजनेतून नवा पिवळा मका आला. धुळ्याच्या काळ्या जमिनीत तो उसासारखा वाढला होता. नमुन्याचा प्लॉट बेबाबाईच्या वावरात आखला गेला आणि जुलैअखेर पिवळा मका गुडघ्याशीच थांबला. पानांच्या कडा जांभळ्या पडल्या. शेती सहायक लीलाधर यानं अमोनियम सल्फेट खताचा हप्ता दुप्पट केला, तसा मका आणखी बसला. शेवटी तालुक्याहून छापील अहवाल आला. 'पीक वाया जाण्याचं कारण' या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं: शेतकऱ्याचा हलगर्जीपणा. खाली अंगठ्याची जागा. अंगठा पडला की दोष बाईचा, बियाणं निर्दोष, आणि पुढच्या साली पांढरा सोडून साऱ्या पाड्यात पिवळा.

"तीनदा निंदं मी," बेबाबाई म्हणाली. "तुम्हीच ईसन देखी गयात. मंग हलगर्जी कोणी करी?"

"अक्का, कुणी तुम्हाला फाशी देत नाही," लीलाधर म्हणाला. तो धरणगावकडचा, कापूसवाल्या घरातला, वय पंचवीस. "रकाना भरावा लागतो. बियाणं वाईट असतं तर धुळ्यात आलं असतं का?"

"धुळं तठे शे. मी आठे शे. चला वावरमा."

लीलाधर गेला, त्याच्या मागे अर्धा पाडा गेला. वावरात तिनं विळा लावून पिवळ्या मक्याचं एक ताट मातीसकट उपटलं. मुळं आखूड, जाड, टोकं तपकिरी. वीतभर खाली गेलेलं एकही नाही. बांधापलीकडे तिचा स्वतःचा मका होता. त्याला ना राख, ना खत. ते ताट तिला एकटीला निघेना, सुकदेवानं हात दिला. मुळं हातभर खोल, दोऱ्यासारखी पांढरी.

"बियाणं तुमचं गावठी, त्याला सवय आहे," लीलाधर म्हणाला.

"आते तिकडे देखा."

प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात तोच पिवळा मका छातीला लागला होता, कणीस धरून उभा. लीलाधरनं ते कणीस हातात धरून पाहिलं. प्लॉट आखण्याआधी त्या कोपऱ्यात तिनं नागलीच्या रोपांसाठी राब भाजला होता, म्हणजे पाला-फांद्या पसरून जाळल्या होत्या. बाकीच्या वावरात राब त्यानंच बंद करायला लावला होता. नव्या शेतीत जाळपोळ नको म्हणून.

"आम्हनी माटी आंबट शे, साहेब. राख पडनी का तिना आंबटपणा उतरस. मना मकाले राख लागस नही, तुम्हनाले राखबिगर जमस नही. बठ्ठी माटी, आठली नी तठली, एक नही ऱ्हास."

आम्ल जमीन लीलाधरनं पुस्तकात वाचली होती, अमोनियम सल्फेटनं ती आणखी आंबते हेही. जन्मभर पाहिली ती काळी नाही तर खारवट. त्यानं चिमूटभर माती बोटांत चोळली. "पण रकाना एवढाच आहे, अक्का. हे लिहू कुठं?"

"कागदनी मांगली बाजू कोरी शे. तठे लिखा. पुढलं खोडा पहिले."

त्यानं छापील ओळीखालची ती दोन शब्दांची नोंद खोडली, बांधावर बसून मागे सात ओळी लिहिल्या.

"वाची दखाडा."

त्यानं वाचलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. 'जमीन आम्लधर्मी. पिवळ्या वाणाची मुळं टिकत नाहीत, स्थानिक पांढरा वाण टिकतो' हे वाक्य दोन्ही वेळा तसंच आलं, तेव्हा तिनं अंगठा दिला. पुढच्या बाजूच्या रकान्याखाली नाही, मागच्या त्या सात ओळींखाली.

मागची बाजू कुणी वाचली नसावी. पुढच्या जूनमध्ये पाड्यासाठी पिवळ्या बियाण्याच्या नऊ गोण्या ट्रकनं आल्या. उतरवून घ्यायला पोचपावतीवर घरटी अंगठा हवा होता. सुकदेवानं सगळ्यात आधी बेबाबाईकडे पाहिलं. ती भाजलेल्या राबात नागली पेरत होती, ट्रककडे आली नाही. चौदा घरांतून एकानंही अंगठा दिला नाही. ड्रायव्हर तासभर भोंगा वाजवत बसला, मग गोण्यांसह साक्रीकडे परत गेला.